नळी निघाल्यावर: पाण्याचा घोट की दुर्बीण?

नागपूरच्या धंतोलीतल्या आयसीयूबाहेर नातेवाईक संत्र्याचा रस घेऊनच उभे असतात. श्वासाची नळी निघाली, आता पाजू का? थांबा जी. नळी 48 तासांहून जास्त राहिली असेल तर गिळणं बिघडलेलं असू शकतं: घसा सुजतो, संवेदना बोथट होते, स्नायू ढिले पडतात.

म्हणून पाजण्याआधी गिळणं तपासायचं, पाण्याने किंवा दुर्बिणीने. पाण्याची चाचणी खाटेवरच होते, खर्च जवळपास नाही. 90 मिली पाणी न थांबता प्यायचं. ठसका लागला किंवा आवाज गुळण्या केल्यासारखा ओला झाला की नापास. अडचण एकच, पण मोठी: काहींच्या श्वासनलिकेत पाणी उतरतं आणि साधा खोकलाही येत नाही. आजी छान प्यायल्या म्हणून सगळे खूश, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया.

दुर्बिणीची बारीक, लवचिक नळी नाकातून घशापर्यंत जाते. रंग घातलेलं पाणी, दही गिळताना स्वरतंतूंच्या खाली निळी रेघ दिसली, म्हणजे घास श्वासनलिकेत उतरतोय, की वाद संपला. नाकात चुरचुरतं, तज्ज्ञ लागतो, पैसेही.

माझ्या मते पेशंट पूर्ण शुद्धीत, खोकला दमदार, तर आधी पाणी. आठवडाभर नळी होती आणि आवाज बसलाय, तर थेट दुर्बीण. रस तोवर तुम्हीच पिऊन टाका, उन्हाचे आलात.