सप्ताह लाईव्ह दाखवायचा की घरोघर फिरायचं? कमिटीसाठी तुलना

सांगली-साताऱ्याकडच्या गावांत सप्ताहाची बैठक बसली की हल्ली एक विषय हमखास निघतो: कीर्तनं लोकल केबलवर आणि यूट्यूबवर लाईव्ह दाखवायची का? तरुण पोरं म्हणतात, पुण्या-मुंबईतली आपली माणसं बघतील. जुने माळकरी म्हणतात, घरात कॉटवर बसून दिसत असेल तर मंडपात कोण येईल? दोन्ही म्हणणी मला खरी वाटतात. तरी माझा कौल माणसांना मंडपात आणण्यासाठी घरोघर फिरण्याला आहे.

आधी एक परदेशातलं उदाहरण. यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ दारोदार फिरण्यासाठी ओळखला जातो. पण त्यांनी 1924 मध्ये न्यूयॉर्कला स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं होतं आणि 1933 च्या सुमारास चारशेहून जास्त केंद्रांवरून त्यांची भाषणं जात होती. म्हणजे रेडिओ त्यांना परका नव्हता. 1937 मध्ये त्यांनी व्यावसायिक केंद्रांवर वेळ विकत घेणं थांबवलं आणि 1957 मध्ये स्वतःचं केंद्रही विकून टाकलं. भर दिला तो दारात उभं राहून बोलण्यावर. दारातला माणूस उलट प्रश्न विचारतो, शंका तिथल्या तिथे निघते आणि पुढच्या आठवड्यात त्याच दारात परत जाता येतं. रेडिओवरून कोण ऐकतंय हेच कळत नाही, तर परत जाणार कुणाकडे? 2014 पासून ते इंटरनेटवर चित्रफिती दाखवतात, पण दारोदारी फिरणं सोडलेलं नाही. त्यांचा सिद्धांत आपल्याला पटो न पटो, दोन्ही वाटा चालून पाहिलेल्यांचा अनुभव म्हणून तो घ्यावा.

अमेरिकेतले आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक तर प्रचारच करत नाहीत. रेडिओ-टीव्ही घरात आला की बाहेरचा आवाज घरात शिरतो आणि समाजाची वीण उसवते, असं ते मानतात.

आपल्या भागातही समोरासमोरच्या वाटेची परंपरा जुनी आहे. समर्थांनी भिक्षेवर एवढा जोर दिला तो पोटासाठी नव्हे. भिक्षेच्या निमित्ताने घरं बघावीत, माणसं पारखावीत, हा त्यामागचा हेतू. इंचगिरी संप्रदायाचे भाऊसाहेब महाराज जत तालुक्यातल्या उमदीचे. त्यांच्या परंपरेत नाम गुरूकडून घ्यायचं असतं. फलटणला ज्यांची मोठी मंदिरं आहेत त्या महानुभावांनी तर आपले ग्रंथ शतकानुशतकं सांकेतिक लिपीत ठेवले. तिघांची कारणं वेगळी आहेत. समर्थांना माणूस ओळखायचा होता, इंचगिरीत गुरू-शिष्याचं नातं हवं, आणि महानुभावांना ग्रंथ अधिकारी हातातच जावा असं वाटत होतं. हे सगळे काही तंत्राला घाबरणारे लोक नव्हेत. ऐकणाऱ्याकडून त्यांना जे हवं होतं ते दुरून मिळत नाही, एवढंच.

तुमच्या कमिटीला ऐकणाऱ्याकडून काय हवंय? निर्णय यावरच अवलंबून आहे.

पोच बघितली तर लाईव्ह निर्विवाद पुढे. अंथरुणाला खिळलेली आजी, पिंपरीत पाळीवर असलेला मुलगा, दुबईतला जावई, सगळ्यांना काल्याचं कीर्तन दिसतं. माउलींच्या पालखीचं चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण टीव्हीवर बघून डोळे पुसणारी माणसं मी पाहिली आहेत, त्या भक्तीला कमी लेखायची माझी हिंमत नाही.

पण सप्ताह म्हणजे निव्वळ कीर्तन नव्हे. विण्याचा पहारा आठवा. सात दिवस, रात्रंदिवस, विणा खाली टेकत नाही. रात्री दोनच्या पहाऱ्याला ज्याचं नाव लागलंय त्याला उठून, हातपाय धुऊन, मंदिरात येऊन उभं राहावंच लागतं. आधीचा पहारेकरी गळ्यातला विणा काढून त्याच्या गळ्यात घालतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वय, भावकी, पैसा काही आड येत नाही. ज्यांचं वर्षभर बोलणं नाही असे दोघंही त्या क्षणी एकमेकांपुढे वाकतात. कॅमेऱ्यात हे दिसेल, पण बघणाऱ्याला वाकावं लागणार नाही. पारायणाला बसणं, पंगतीत वाढणं, काकड्याला उठणं, सगळ्याचं तेच.

कॅमेऱ्याने कीर्तनही बदलतं. नुसता गाव समोर असला की महाराज गावाचं नाव घेऊन बोलतात: बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ, लग्नापायी काढलेलं कर्ज, पारावर चालणारा पत्त्यांचा डाव. पुढच्या ओळीतली मान खाली गेली की ते थांबतात, आवाज मऊ करतात. लाईव्ह सुरू असलं की तेच महाराज अख्ख्या महाराष्ट्राशी बोलायला लागतात आणि बोलणं गुळगुळीत होतं. उलटंही घडतं. 2020 मध्ये एका प्रसिद्ध कीर्तनकारांचं एक वाक्य यूट्यूबवरून फिरलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. म्हणून महाराजांची परवानगी आधी घ्या, ऐन वेळी मोबाईल रोखू नका.

खर्चाचं थोडक्यात. फेरीला चपला आणि वेळ लागतो. प्रक्षेपणाला दरवर्षी पैसा लागतो, आणि पैसा देणाऱ्याचा फोटो पडद्यावर मोठा होत जातो. अमेरिकेत टीव्हीवर देणग्या गोळा करणारे जिम बेकर 1989 मध्ये फसवणुकीत दोषी ठरले. गावचा सप्ताह तिथवर जाणार नाही, पण बॅनरवर कुणाचा चेहरा केवढा यावरून रुसवेफुगवे आपल्याला नवीन नाहीत.

नियमांचंही बघा. केबलवर धार्मिक हेतूची जाहिरात चालत नाही, आणि कुठल्याही धर्मावर वा समाजावर हल्ला चढवणारा कार्यक्रमही चालत नाही. खासगी एफएमचा परवाना धार्मिक संस्थेला मिळत नाही. स्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहेच, ती लाईव्ह असो वा नसो.

तेव्हा गावातली मंडपापासून तुटलेली घरं परत जोडायची असतील, तर यंदा कॅमेऱ्याचे पैसे बाजूला ठेवा. महिनाभर आधी चार-चार जणांनी आळीवार फिरा. वर्गणी मागायला नको, पहाऱ्याला नाव घालायला जा. वर्गणीची फेरी वेगळ्या दिवशी. गाव भरून येतंच आहे आणि बाहेरगावच्यांसाठीच काही करायचं असेल, तर शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन तेवढं दाखवा. कॅमेरा टाळकऱ्यांच्या मागे, बाजूला लावा आणि लिंक गावच्या ग्रुपवरच टाका. रोजची कीर्तनं दाखवायची का, हे पहाऱ्याची यादी भरल्यावर बघा.