हेझलची काठी आणि मामाच्या खाणीतला दगड : अकरा महिने वापरल्यावर

गेल्या महिन्यात दोघी मैत्रिणींनी विचारलं, "तू ते जादूची कांडी, क्रिस्टल वगैरे करतेस ना, घ्यावं का आम्ही?" फोनवर सांगायला गेले तर तासभर लागला. म्हणून आता सविस्तर लिहूनच टाकते.

मी ब्रिस्टलला राहते. शेजारच्या बाई निवृत्त नर्स आहेत, तीसेक वर्षं विक्का (निसर्ग पुजणारा, जादूचे विधी असलेला पंथ) मानतात. मागच्या ३१ ऑक्टोबरला त्यांनी परसात बोलावलं. त्या रात्रीला 'साविन' म्हणतात, गेलेल्यांची आठवण काढायची रात्र. सात माणसं, एक शेकोटी, आडवं कापलेलं सफरचंद (आत बियांची चांदणी दिसते, ती सगळ्यांना दाखवायची), आणि मग एकेकानं आपल्या माणसाचं नाव घ्यायचं. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. इथं सर्वपित्रीला कावळा कुठून आणायचा म्हणून मी काही केलंच नव्हतं. त्या परसात मराठीत "बाबा" म्हटलं आणि पुढं बोलता येईना. सुरुवात इतकीच. मला कुठली शक्ती-बिक्ती नको होती.

पण माणूस नव्या छंदात पडला की आधी बाजारात जातो. ग्लास्टनबरी इथून बसनं दीड तासावर. मुख्य रस्त्यावर एकाला लागून एक क्रिस्टलची दुकानं, दारात उदबत्तीचा वास. तुळशीबागेत शिरल्यासारखं झालं. तिथं ३८ पौंडांना एक कांडी घेतली. लाकडी दांडा, टोकाला गारेचा पारदर्शक स्फटिक म्हणजे क्वार्ट्‌झ, तांब्याची तार गुंडाळलेली. शिवाय ६२ पौंडांचे दगड : क्वार्ट्‌झ, ॲमेथिस्ट, रोझ क्वार्ट्‌झ, सिट्रिन, सेलेनाइटची लांब कांडी आणि एक हिरवट पारदर्शक अपोफिलाइट.

कांडी पाच आठवडे टिकली. हीटरशेजारच्या खिडकीत ठेवत होते. एका संध्याकाळी विधीचं वर्तुळ आखायला हात फिरवला आणि टोकाचा क्वार्ट्‌झ सुटून टाइल्सवर टणकन पडला. तारेखाली नुसता गोंद होता. दुकानदार म्हणाला, तिचं काम संपलं असेल, म्हणून तिनं तुम्हाला सोडलं. पैसे मात्र त्यानं सोडले नाहीत.

शेजारच्या बाई खूप हसल्या. म्हणाल्या, विकत आणलीस कशाला? जानेवारीत, फांद्यांत रस चढायच्या आत, त्यांच्या कुंपणातल्या हेझलच्या झुडपाची एक सरळ फांदी मला कापू दिली. माप ठरलेलं, आपल्याच हाताचं : कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. कापण्याआधी झाडाला विचारायचं आणि कापल्यावर बुंध्यात थोडं पाणी घालायचं. मला काही वेगळं वाटलं नाही. आमची आजी संध्याकाळनंतर तुळशीला हात लावू देत नसे.

साल काढायचं काम फार सुखाचं होतं. भाजीच्या सुरीनं सुरुवातीला खरवडली, मग सालीची एक पट्टी सुटली ती थेट टोकापर्यंत ओलसर आवाज करत निघाली. खालचं लाकूड ताकासारखं पांढरं, किंचित बुळबुळीत. तीन आठवडे कपाटावर वाळवली, तरी बुडाशी बोटभर चीर गेलीच. मग आधी जाड सँडपेपर, नंतर बारीक, शेवटी जवसाचं तेल कापडावर घेऊन. एक गाठ आहे, तिथं अंगठा बरोब्बर बसतो. खर्च तेलाचा, चार पौंड.

आता कांडी नेमकं करते काय? विक्कात ती मुख्यतः दिशा दाखवते. पूर्वेपासून सुरुवात करून डावीकडून उजवीकडे गोल फिरत वर्तुळ आखायचं. आपली प्रदक्षिणा जशी जाते तस्संच. चार दिशांना चार तत्त्वं. पण कांडी अग्नीची की वायूची, यावर त्यांच्यातच वाद आहे. १८८८ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळानं ती अग्नीला दिली, काही विक्कन लोक ती वायूला देतात आणि अग्नीला सुरी देतात. सुरी म्हणजे काळ्या मुठीची, 'अथामे' म्हणतात. घरात ठीक आहे, पण पार्कात ती घेऊन कोण जाणार? धर्माचं कारण इथल्या कायद्याला चालतं, पण पोलिसाला ते समजावत थंडीत कुडकुडायची हौस कुणाला? काठीला कुणी हटकत नाही. कुत्रे तेवढे मागे लागतात.

आणि हे सगळं हजारो वर्षांचं आहे असं दुकानात सांगतील, तर मान हलवा आणि पुढं चला. जादूटोण्याविरुद्धचा १७३५ चा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, त्यानंतर १९५४ मध्ये विक्काचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांचं विक्काबद्दलचं पुस्तक आलं. बाईंचा जन्मही १९५४ चाच. "मी आणि आमचा धर्म जगासमोर एकाच वर्षी आलो," असं त्या स्वतःच सांगतात. त्यांचा हा मोकळेपणा मला फार आवडला.

ध्यानासाठी मी कांडी वापरत नाही, दगड वापरते. रोज सकाळी सहाला, वीस मिनिटं, डाव्या मुठीत क्वार्ट्‌झ. आधी गार लागतो, मग हळूहळू अंगाएवढा कोमट होतो. तो कोमट होईपर्यंत मन पळत असतं, नंतर जरा खाली बसतं. जपमाळेचा मणी जे करतो तेच. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ क्रिस फ्रेंच यांनी २००१ मध्ये एक प्रयोग मांडला होता. ८० जणांपैकी काहींच्या हातात खरा क्वार्ट्‌झ दिला, काहींच्या हातात नकली. मुंग्या येणं, ऊब वाटणं दोन्हीकडं सारखंच. हे वाचल्यावर मी आठवडाभर नदीतला साधा गोटा घेऊन बसले. फरक पडला नाही. तरी क्वार्ट्‌झवर परत आले, कारण त्याच्या एका बाजूला आत धुक्यासारखी पांढरी रेघ आहे आणि मला ती बघायला आवडते.

बाकीच्यांचं पटकन सांगते. सेलेनाइट 'शुद्ध' करायला मीठपाण्यात रात्रभर ठेवलं. दुकानातल्या पत्रकात सगळे दगड असेच शुद्ध करा म्हटलं होतं. सकाळी त्याची रेशमी चमक गेलेली, वर खरखरीत. ते जिप्सम असतं, म्हणजे पीओपीचं कच्चं रूपच, नखानं ओरखडा उठतो. पाण्याला लावू नका. ॲमेथिस्ट उन्हात ठेवू नका, जांभळा रंग उतरतो. माझा उतरला. सिट्रिन बघून बाई म्हणाल्या, हा भट्टीत तापवून पिवळा केलेला ॲमेथिस्ट दिसतोय, बुडाशी बघ, पांढरा आणि वर करपल्यासारखा नारिंगी. फसवणूक म्हणवत नाही, सगळा बाजार तसाच विकतो, पण चिठ्ठीवर लिहायला काय जातं? दुकानात ओपलाइट नावानं जे दुधी निळं मिळतं ते तर सरळ काच आहे.

आता अपोफिलाइट. हा मला सगळ्यांत आवडलेला, छोट्या मनोऱ्यासारखा. त्याच्या चिठ्ठीवर 'उच्च कंपनांचा दुर्मीळ दगड' आणि खाली बारीक अक्षरात 'इंडिया'. २४ पौंड. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. तिनं चष्मा वर केला, फोन जवळ घेतला.

"अगं, हा तर मामाच्या क्रशरवरचा!"

"काय सांगतेस?"

"खडी फोडताना दगडाच्या पोटात निघतात की असले. गडी बाजूला काढायचे, व्यापारी येऊन न्यायचा. लहानपणी तू दोन आणले होतेस, खिडकीत ठेवलेस, मी झाडताना फेकले असतील."

मामाचा क्रशर नाशिकजवळ आहे. मग शोधलं, तर आई बरोबर होती. दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हाच्या वाफेचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्या आणि त्यांत हे स्फटिक वाढले. जळगाव, नाशिक, पुणे ही नावं जगभरच्या खनिजसंग्राहकांना तोंडपाठ आहेत. वाघोलीच्या खाणीतलं निळंशार कॅव्हन्साइट तर त्यांच्या लेखी रत्नच. आम्ही त्या खडीवर रस्ते केले.

त्या दिवसापासून दगडांकडं बघणं बदललं. हा कुणी काढला, किती पैसे मिळाले, हे विचारावंसं वाटतं. दुकानात विचारलं तर 'पृथ्वीमाता' एवढंच उत्तर मिळतं. गुजरातेत खंबायतला अकीक दगड घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसात धूळ बसून सिलिकोसिस होतो, हे वर्षानुवर्षं माहीत आहे. मन शांत करणाऱ्या दगडाची चिठ्ठी त्यावर काही बोलत नाही. नवा दगड मी तेव्हापासून घेतलेला नाही.

तर घ्यावं का? कांडी विकत घेऊ नका, काठी कापा. दगड हवाच असेल तर एक, हातात मावेल असा क्वार्ट्‌झ. संच नको. झोप सुधारली का म्हणाल तर हो, पण ती सहाला उठायला लागल्यामुळं. दुखणं-बिखणं काही बरं झालं नाही, गुडघ्यासाठी फिजिओकडंच गेले.

अपोफिलाइट जूनमध्ये हातातून निसटला आणि सुरीनं कापावा तसा सपाट दोन तुकडे झाला. तो तसाच फुटतो म्हणे. एक तुकडा शेजारच्या बाईंना दिला. दुसरा बाबांच्या फोटोपुढं आहे. मामा दिवाळीत मुलीकडं लंडनला येणार आहे, आईनं त्याला सांगून ठेवलंय. काल त्याचा फोन आला, "किती आणू? पोतं चालेल का?"