जुनी जिल्हा गॅझेटिअरं: खेड्यातल्या इतिहासाच्या वर्गासाठी किती कामाची?

विदर्भातल्या तालुक्याच्या किंवा त्याहून लहान गावच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्यासाठी फुकटात मिळणारं सगळ्यात मोलाचं साधन म्हणजे ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस डिस्ट्रिक्ट गॅझेटिअर्स’, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेले मध्य प्रांताचे जिल्हावार माहितीचे ग्रंथ. वर्धा, नागपूर, भंडारा, यवतमाळ, चांदा, अकोला, बुलढाणा, अमरावती हे आठही खंड १९०६ ते १९११ या काळात निघाले. इंटरनेट आर्काइव्हवर त्यांचे स्कॅन मिळतात. शोधताना स्पेलिंग जुनंच टाकावं लागतं. चंद्रपूरऐवजी चांदा टाकलं की खंड निघतो. यवतमाळचं ‘येओतमल’ आणि अमरावतीचं ‘अम्राओटी’.

उतरवलं की पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. जिल्ह्याचं वर्णन, इतिहास, लोकसंख्या, शेती, भाव-मजुरी, जंगल, दुष्काळ, जमीन महसूल असा प्रकरणांचा क्रम आहे, पण वर्गासाठी खरा माल शेवटी आहे. तिथे गावं आणि जमीनदाऱ्या वर्णानुक्रमे लावल्यात: बाजार कोणत्या दिवशी भरतो, शाळा आहे का, देऊळ कोणाचं, गाव कोणत्या मालगुजाराचं (गावाचा सारा भरणाऱ्या मालकाचं). आपल्या कॉलेजात येणाऱ्या पोरांची गावं आधी त्यात शोधा. सगळी सापडणार नाहीत, कारण मोठी आणि बाजाराचीच गावं घेतलीत. सापडलेल्या चार-पाच गावांच्या पानांची झेरॉक्स काढली की वर्ग चालायला लागतो. आपल्या गावचा शंभर वर्षांपूर्वीचा आठवडी बाजार वाचताना शेवटच्या बाकावरचा पोरगाही पुढे सरकतो.

आता घोटाळे कुठे होतात ते.

पहिला घोटाळा जिल्ह्यांच्या हद्दींचा. वऱ्हाडात १९०५ पर्यंत सहा जिल्हे होते. त्या वर्षी एलिचपूर अमरावतीत गेला, वणी जिल्ह्याचा यवतमाळ झाला आणि वाशीम जिल्हा मोडून त्यातला पुसद यवतमाळकडे, वाशीम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले. म्हणजे १९०१ च्या जनगणनेतलं यवतमाळ (तेव्हाचा वणी जिल्हा) आणि १९११ चं यवतमाळ एक नाही. आकडे शेजारी मांडून ‘लोकसंख्या एकदम वाढली’ असा निष्कर्ष विद्यार्थी काढतात, तो इथेच चुकतो. खरी घट मात्र वऱ्हाडाच्या एकूण आकड्यात दिसते: १८९१ मध्ये सुमारे २९ लाख, १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांच्या आसपास. मधल्या दहा वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले. हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि मग दुष्काळाचं प्रकरण उघडा.

दुसरा घोटाळा भावांचा. ज्वारीचा भाव ‘रुपयाला इतके शेर’ किंवा ‘इतके पौंड’ असा दिलाय. आकडा घसरला म्हणजे धान्य महागलं. आजच्या क्विंटलच्या भावाची सवय असलेलं डोकं हे उलटं वाचतं. आधी दोन-तीन आकडे ‘एका शेराला किती आणे’ असे उलटवून घ्यायला लावा (रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै), मगच पुढे जा. पिकाचा उतारा आण्यात दिलेला असेल, तिथे पूर्ण पीक किती आण्यांचं धरलंय ते आधी तपासा. घरी पैसेवारी (पिकाचा सरकारी अंदाज, पूर्वीची आणेवारी) पन्नासच्या खाली लागते की वर, यावर ज्यांचं वर्ष ठरतं त्या पोरांना आणेवारी समजावून सांगावी लागत नाही. सरकार पीक कसं मोजतं आणि कशासाठी मोजतं, हा राजकारणाचा धडा तिथे आपोआप सुरू होतो.

वेगळ्या विदर्भाच्या वादातही हे खंड उपयोगी पडतात, कारण विदर्भ एकजिनसी नव्हता हे ते पानापानाला दाखवतात. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजी कारभारात आला, १९०२ ला कायमच्या भाडेपट्ट्याने घेतला गेला. नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं. वऱ्हाडात रयतवारी (शेतकरी सारा थेट सरकारला भरतो), तर नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजारी (मधला मालगुजार भरतो). भंडारा-गोंदियाचे मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि गाळ कोणी काढायचा हा प्रश्न अजून ग्रामसभेत निघतो. नागपूर कराराबद्दल (विदर्भ मराठी राज्यात सामील करताना झालेल्या १९५३ च्या कराराबद्दल) मत ठोकण्याआधी विद्यार्थ्यांनी अमरावती आणि भंडारा या दोन खंडांतलं महसुलाचं प्रकरण वाचलेलं असावं, असा माझा आग्रह आहे.

एक गोष्ट मात्र जपून हाताळा. लोकसंख्येच्या प्रकरणात जातीजमातींबद्दल जे लिहिलंय ते महसूल अधिकाऱ्याच्या आणि पोलिसाच्या नजरेतून. ‘गुन्हेगार जमाती’ हा शिक्का १८७१ च्या कायद्याचा, तो कायदा १९५२ मध्ये गेला. पारधी, गोंड, कोलाम घरांतली मुलं समोर बसलेली असताना तो मजकूर मोठ्याने वाचायला लावणं क्रूरपणा आहे. आधी कायदा शिकवा, मग हे लिहिणारा कोण आणि त्याला माहिती कोणी पुरवली ते विचारा, त्यानंतरच उतारा द्या, तोही पूर्ण.

स्कॅनचा दर्जा बरा आहे. घडीचे नकाशे बहुतेक ठिकाणी दुमडलेलेच स्कॅन झालेत, कोष्टकं कॉपी केली तर रकाने विस्कटतात, म्हणून आकडे हातानेच उतरवायला लावा. इंग्रजी जड आहे. मराठी माध्यमातल्या वर्गाला एका तासाला एक पान पुरे.

नव्या अभ्यासक्रमातल्या दोन क्रेडिटच्या फील्ड प्रोजेक्टला हे साधन अगदी चपखल बसतं. एका क्रेडिटला ३० तास धरले तर ६० तास: दहा तास गॅझेटिअर, दहा तास राज्य सरकारच्या दर्शनिका (गॅझेटिअर) विभागाचा नंतरचा खंड, बाकी गावात. गावातलं काम सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस वेचणीचा जोर सुरू होण्याआधी उरकून घ्या; वेचणी लागली की पोरं वावरात असतात आणि हजेरीपटावर त्याला उपाय नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना गावभेटींच्या तासांचं मानधन मिळणार की नाही, हे काम वाटण्याआधी प्राचार्यांकडून लेखी घ्यावं.

गडचिरोलीवाल्यांनी चांदा खंड घ्यावा, गोंदियावाल्यांनी भंडारा, वाशीमवाल्यांनी अकोला. पुसदवाल्यांना यवतमाळ खंड लागेल, पण १९०५ च्या आधीचे आकडे वाशीमच्या नावाखाली शोधावे लागतील.