घरच्या संगणकाच्या घड्याळासाठी ‘क्रोनी’: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रात्री मुख्य बटण बंद करून झोपायचे, ही आमच्या घरची जुनी शिस्त. त्यामुळे सकाळी संगणक सुरू केला की तारीख कित्येक वर्षे मागची दिसे आणि ब्राउझर बँकेचे संकेतस्थळ उघडायला साफ नकार देई, कारण त्या संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र त्याच्या हिशेबी अजून अमलातच आलेले नसे. दुरुस्तीच्या एका दुकानात मदरबोर्ड, म्हणजे संगणकातला मुख्य फलक, बदलावा लागेल असे सांगण्यात आले; प्रत्यक्षात संपला होता तो वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा, तीन व्होल्टचा, सीआर २०३२ हा सेल. तो बदलल्यावर वर्षांची चूक गेली, सेकंदांची मात्र राहिली. त्या सेकंदांसाठी मी लिनक्स या संगणकप्रणालीवर, इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारा ‘क्रोनी’ हा मोफत प्रोग्राम बसवला.

संगणक बंद असताना वेळ राखतो तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा एक छोटा स्फटिक, आणि यंत्र चालू झाल्यावर ती जबाबदारी दुसऱ्या, अधिक वेगवान स्फटिकाकडे जाते. दोन्ही स्वस्तातले असतात आणि खोलीतल्या उष्म्याप्रमाणे दोघांचीही चाल बदलते. दहा लाखांत वीस भागांची चूक ऐकायला नगण्य वाटते, पण तिचे दिवसाकाठी पावणेदोन सेकंद आणि महिन्याकाठी जवळजवळ एक मिनिट होते. लॉगिनसाठी दर तीस सेकंदांनी बदलणारे आकडी संकेत मोबाइलऐवजी याच यंत्रावर तयार करणाऱ्याला हे एक मिनिट चांगलेच भोवते.

क्रोनी मूळचा रिचर्ड कर्नो यांचा; सध्या त्याची देखभाल मिरोस्लाव्ह लिखवार करतात. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर तो बसवला की आधीचा साधा वेळ-जुळणी प्रोग्राम आपोआप निघून जातो आणि पुढे काहीही न करता चालते. आधीचा प्रोग्राम एका वेळी एकाच सर्व्हरला, म्हणजे इंटरनेटवरून वेळ सांगणाऱ्या संगणकाला, वेळ विचारून तेवढ्यावर विश्वास ठेवतो. क्रोनी अनेक सर्व्हरांना विचारतो, त्यांची उत्तरे पडताळतो, एखादा भलतीच वेळ सांगू लागला तर त्याला बाजूला ठेवतो, आणि आपल्या यंत्राचे घड्याळ किती पुढे धावते किंवा मागे पडते याचा अंदाज बांधून तो एका फाइलीत जपून ठेवतो. लंबकाचे घड्याळ रोज सकाळी काटे सरकवून लावता येते, किंवा लंबकाखालची चकती जराशी फिरवून त्याची चालच सुधारता येते. क्रोनी हे दुसरे काम करतो, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत याच गुणात आहे.

‘ट्रॅकिंग’ हा आदेश दिला की हा सगळा हिशेब समोर येतो. माझे यंत्र दहा लाखांत सुमारे १४ भाग पुढे धावते, म्हणजे मोकळे सोडले तर दिवसाला सव्वा सेकंद; एप्रिलच्या दुपारी हा आकडा थोडा हललेला दिसला आणि रात्री पुन्हा जागेवर आला. प्रत्यक्ष फरक बहुतेक वेळा दोन-तीन मिलिसेकंदांच्या आत दाखवला जातो. या आकड्यावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. निरोप सर्व्हरकडे जायला आणि परत यायला सारखाच वेळ लागतो असे या पद्धतीत गृहीत धरलेले असते, घरगुती इंटरनेटवर ते नेहमी खरे नसते, आणि त्यामुळे जाण्यायेण्याला लागलेल्या एकूण वेळेच्या निम्म्यापर्यंत चूक लपून राहू शकते. घरच्या कामासाठी तीही क्षुल्लकच.

सुरुवातीला मिळणारे सर्व्हर स्वयंसेवकांच्या सामायिक संचातले असतात. भारतीय प्रमाणवेळ ज्या संस्थेच्या अणुघड्याळांवरून ठरते, त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हरही एका ओळीत जोडता येतो. मी तो जोडला आहे, काहीसा आकाशवाणीच्या बातम्यांवर मनगटी घड्याळ लावण्याच्या जुन्या सवयीने.

उणिवा आहेत. खिडकी, बटणे असे काही नाही. सारे काळ्या पडद्यावर आदेश टंकून करायचे, आणि माहितीपुस्तिका इंग्रजीत व जाडजूड. अधिक त्रासदायक गोष्ट अशी की, मूळ मांडणीत वेळेची मोठी उडी फक्त सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच घेतली जाते. त्यानंतर मोठा फरक पडला तर क्रोनी घड्याळ हळूहळू सरकवत राहतो, आणि त्याचा कमाल वेग पाहता एक तासाचा फरक भरून निघायला बारा तास लागतात. मुलाने खेळता खेळता घड्याळ तासभर पुढे नेले तेव्हा मला हे कळले. अशा वेळी ‘मेकस्टेप’ हा आदेश हाताने द्यावा लागतो.

ज्यांच्या यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, त्यांना साडेपाच तासांचा गोंधळ ओळखीचा असेल. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स जागतिक वेळ. लिनक्स सुरू होताच क्रोनी ही चूक निस्तरतो, पण दर अकरा मिनिटांनी मदरबोर्डवर पुन्हा जागतिक वेळ लिहिली जात असल्याने विंडोजमध्ये परतल्यावर ती चूक तशीच समोर उभी राहते. तिच्यासाठी दोहोंपैकी एका प्रणालीची मांडणीच बदलावी लागते. आणि ज्यांच्याकडे केवळ विंडोज आहे त्यांच्यासाठी क्रोनी उपलब्धच नाही. त्यांनी तिथली अंगभूत वेळ-जुळणी चालू असल्याची खात्री करावी आणि सेल बदलावा.