टाइमशेअर सदस्यत्व विकावे, परत करावे की ठेवावे: फसवणूक टाळून निर्णय कसा घ्यावा

नाशिकच्या माझ्या मावशीच्या कपाटात 2009 साली घेतलेल्या टाइमशेअर सदस्यत्वाची एक निळी फाइल आहे. मुदत 25 वर्षांची, म्हणजे 2034 पर्यंतची. टाइमशेअर म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम भरून कंपनीच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक रात्री राहण्याचा हक्क. मावशीचा हक्क वर्षाला सात रात्रींचा. आणि त्यासाठी दरवर्षी भरायचे देखभाल शुल्क, ज्याला सगळेच एएमसी म्हणतात. काकांचे गुडघे दुखू लागल्यापासून गोवा आणि महाबळेश्वर दोन्ही मागे पडले, एएमसीचे बिल मात्र न चुकता येत राहिले. अशातच तिला फोन आला की हैदराबादच्या एका कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांसाठी हे सदस्यत्व साडेसहा लाख रुपयांना हवे आहे. पाठोपाठ व्हॉट्सअॅपवर पत्र आले. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, मध्ये मावशीचे नाव आणि सदस्य क्रमांक, दोन्ही अगदी बिनचूक. ‘फाइल चार्ज’ म्हणून 18,400 रुपये भरायचे होते आणि ते विक्रीच्या रकमेसोबत परत मिळणार होते. तिने ते भरले. आठवड्याने एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि जीएसटीपोटी 42,000 रुपयांची मागणी झाली, तेव्हा तिने मला फोन केला.

ते पत्र मी नीट पाहिले. ज्या खात्यात पैसे भरायचे होते ते कोणत्याही कंपनीचे नव्हते. एका व्यक्तीच्या नावाचे बचत खाते होते. सदस्य क्रमांक बरोबर होता म्हणून मावशीचा विश्वास बसला होता, पण सदस्यांच्या याद्या बाहेर फिरत असतात आणि क्रमांक ठाऊक असणे हा कशाचाही पुरावा नसतो. त्यानंतर तिच्यासमोर खरोखर कोणकोणत्या वाटा आहेत, हे आम्ही दोघांनी कागदावर मांडून पाहिले. त्या वाटांची ही तुलना आहे. तुलना करताना एक प्रश्न मी सगळीकडे लावला आहे: पैसा कोणाच्या हातून, कोणाच्या खात्यात आणि नेमका केव्हा जातो?

कोणतीही वाट निवडण्याआधी आपल्याजवळ जे आहे त्याची खरी किंमत काढावी लागते, कारण फसवणाऱ्याचा सगळा डाव मालकाला ती किंमत ठाऊक नसण्यावर उभा असतो. भारतातली बहुतेक सदस्यत्वे म्हणजे ठरावीक वर्षांपुरता वापराचा हक्क असतो. त्यात जमिनीचा किंवा खोलीचा मालकी हिस्सा नसतो, त्यामुळे घरासारखा त्यांचा भाव वाढत नाही. दरवर्षी मुदत कमी होते आणि किंमत उतरते. हिशेब करण्यासाठी एएमसी वर्षाला 24,000 रुपये आहे असे धरा. सात रात्रींना भागले तर एका रात्रीला सुमारे 3,430 रुपये पडतात, तेही पहिल्या दिवशी भरलेले लाखो रुपये विसरून. तशीच खोली बाहेर 5,000 रुपयांना मिळत असेल, तर घेणाऱ्याची वर्षाची बचत 11,000 रुपये होते आणि उरलेल्या 9 वर्षांत ती 99,000 होते. त्यातून हस्तांतर शुल्क जाणार, एएमसी वाढत राहणार, आणि दिवाळीत किंवा मे महिन्यात हवी ती खोली मिळेलच याची खात्री नाही. असे सदस्यत्व शहाणा माणूस साडेसहा लाखांना घेणार नाही. मावशीने मूळ रक्कम मनात धरली होती, म्हणून तिला साडेसहा लाख हा आकडा रास्त वाटला. हा हिशेब आधी झाला असता तर तोच आकडा तिला खटकला असता.

पहिली वाट ज्या कंपनीकडून सदस्यत्व घेतले तिच्याकडे परत जाण्याची. इथे फसवणुकीची भीती सर्वांत कमी आणि हाती येणारी रक्कमही बहुधा सर्वांत कमी. अनेक करारांत सुरुवातीच्या शुल्काचे दोन भाग केलेले असतात: प्रवेश शुल्क, जे परत मिळत नाही, आणि हक्काचे शुल्क, जे मुदतीच्या प्रमाणात वापरले गेले असे मानले जाते. थकबाकी असेल तर ती त्यातून वळती होते. सदस्यत्व नुकतेच घेतले असेल तर करारातील रद्द करण्याची मुदत आजच्या आज पाहावी, कारण त्या मोजक्या दिवसांत लेखी कळवले तर परतावा मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. हॉटेलच्या सभागृहात तीन तास बसवून घेतलेली सही याच काळात मागे घेता येते. मुदत उलटून गेली असली तरी सदस्यत्व सोडण्याची योजना आहे का, हस्तांतराचे शुल्क किती आणि थकबाकी किती, हे तीन प्रश्न कंपनीला ईमेलवर विचारावेत आणि उत्तर ईमेलवरच घ्यावे. पत्ता आणि क्रमांक जुन्या करारावरून किंवा एएमसीच्या बिलावरून घ्यावा. आलेल्या फोनवरून किंवा इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’वरून घेऊ नये.

दुसरी वाट स्वतः ओळखीत विकण्याची किंवा नात्यातल्या कोणाच्या नावावर करण्याची. मला ही सर्वांत सरळ वाटते. घेणारा समोर बसलेला असतो, करार वाचू शकतो आणि कंपनीला स्वतः फोन करून शहानिशा करू शकतो. खऱ्या हस्तांतरात हस्तांतर शुल्क कंपनीच्याच खात्यात जाते आणि त्याची कंपनीची पावती मिळते. विक्रीची रक्कम मात्र घेणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे येते, उलट कधीच नाही. अडचण एवढीच की गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो आणि किंमत मनासारखी येत नाही. जाहिरातींच्या संकेतस्थळावर टाकले, तर पहिले फोन बहुतेक वेळा घेणाऱ्यांचे नसून दलालांचे येतात. ‘पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका’ म्हणणाराही त्यांत भेटतो. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो, हे घरातल्या मोठ्यांना एकदा हातात मोबाइल देऊन दाखवावे.

तिसरी वाट दलालाची किंवा रिसेल एजन्सीची. सर्वाधिक लोक इथेच अडकतात, म्हणून इथे जरा थांबतो. तत्त्वतः दलाल असण्यात गैर काही नाही. घर विकताना आपण दलालाला व्यवहार झाल्यावर दलाली देतो. सदस्यत्व विकून देणारा खरा मध्यस्थही विक्रीच्या रकमेतून आपला वाटा घेऊ शकतो. तसे तो करायला तयार आहे का, हा एक प्रश्न विचारला की बहुतेकांची ओळख पटते. आगाऊ मागणाऱ्याकडे शुल्कांची न संपणारी यादी असते: नोंदणी, फाइल चार्ज, मूल्यांकन, एनओसी, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी, विमा, शेवटी ‘रिझर्व्ह बँकेची मंजुरी’. प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा मोठी असते आणि प्रत्येक वेळी हीच शेवटची असे सांगितले जाते. एका सदस्याने आपले सुट्ट्यांचे सदस्यत्व दुसऱ्याला विकण्याला रिझर्व्ह बँक मंजुरी देत नाही, तो तिचा विषयच नाही. विक्रीवरचा जीएसटी विकणाऱ्याने आधी दलालाच्या खात्यात भरायचा, असा नियमही कुठे नाही. ‘तुमच्या रकमेतून कापून घ्या आणि उरलेले द्या’ एवढे वाक्य बोलून पाहा. खऱ्या व्यवहारात त्याला नकार देण्याचे कारण उरत नाही. खोट्या व्यवहारात मात्र लगेच ‘सिस्टीम परवानगी देत नाही’ असे उत्तर येते.

तपासणीची साधने घरबसल्या मिळतात. कंपनी नोंदलेली आहे का, कधी नोंदली, तिचे संचालक कोण, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसते. जीएसटी क्रमांक टाकला की तो कोणाच्या नावावर आहे हे जीएसटीच्या संकेतस्थळावर कळते. मात्र एवढ्यावर थांबू नये, कारण दुसऱ्याच एखाद्या खऱ्या कंपनीचे नाव आणि क्रमांक पत्रावर छापणे अवघड नसते. पैसे जाणारे खाते त्याच कंपनीच्या नावाचे आहे का, हे त्याहून महत्त्वाचे. एनईएफटी आणि आरटीजीएस करताना पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय बँकांनी 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले होते. ती सोय मावशीने वापरली असती तर ते बचत खाते तिच्या डोळ्यांसमोर आले असते. मूळ प्रमाणपत्र, कोऱ्या अर्जावरची सही, कुलमुखत्यारपत्र आणि आधार-पॅनच्या प्रती यांपैकी काहीही फोनवरच्या माणसाला देऊ नये. पैसे गेले तर नुकसान एकदाच होते, पण सहीचा कोरा कागद गेला तर ते कुठवर जाईल हे सांगता येत नाही.

दलालाचाच एक भाऊबंद म्हणजे ‘आम्ही तुमचे सदस्यत्व रद्द करून पूर्ण परतावा मिळवून देतो’ म्हणणारी संस्था. तिच्याशी तुलना वकिलाची करावी. वकीलही फी आगाऊ घेतो, पण तो बार कौन्सिलकडे नोंदलेला असतो, त्याचे वकीलपत्र असते, नोटिशीची प्रत आणि प्रकरणाचा क्रमांक तो देतो आणि निकालाची हमी देत नाही. पूर्ण परताव्याची हमी देणाऱ्याकडे यांतले काहीच नसते.

चौथी वाट ग्राहक आयोगाची. कंपनीने विकताना दिलेले आश्वासन पाळले नाही, वारंवार मागूनही खोली मिळाली नाही किंवा परतावा अडवला, तर ही वाट खरी आहे. केवळ आता जायला जमत नाही, हे कारण तिथे पुरत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे कंपनीचे कार्यालय चेन्नईत असले तरी नाशिकच्या माणसाला नाशिकमध्येच दाद मागता येते. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही लागत नाही. करारच एकतर्फी आणि अन्याय्य आहे, असा मुद्दा मांडायचा असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार व्हायला हवी. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्यात हीच दोन वर्षे निघून जातात. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तर काही प्रकरणे तिथेच मिटतात. वेळ मात्र लागतो, आणि वयस्कर माणसाने तो विचार करूनच ही वाट धरावी.

पाचवी वाट ठेवण्याची. तिचा विचार लोक फारसा करत नाहीत. हक्काच्या रात्री मुलांना, पुतण्यांना वापरायला देता येतात का, पाहुण्यांसाठी वेगळे शुल्क आहे का, न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतात का, हे करारात असते. वरचा हिशेब करून रात्रीचा खर्च बाहेरच्या खोलीपेक्षा कमी येत असेल, तर मुदत संपेपर्यंत वापरणे विकण्यापेक्षा फायद्याचे ठरू शकते. एएमसी भरणे नुसते बंद करणे ही मात्र वेगळी वाट नव्हे. थकबाकी आणि दंड वाढतो आणि कंपनीशी बोलताना आपली बाजू दुबळी होते.

काही जणांच्या हाती असलेली कागदे मुळात टाइमशेअरची नसतात, हेही तपासून घ्यावे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्सने हॉटेलातल्या मुक्कामाच्या नावाने महाराष्ट्रात गावोगावी पैसा गोळा केला. भांडवली बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली आणि सुमारे 7,000 कोटी रुपये गुंतवणूकदारांना परत करण्याचा आदेश दिला. अशा कागदांना गिऱ्हाईक नसते, असतो तो केवळ दावा. त्यामुळे ‘तुमचा परतावा काढून देतो’ म्हणत शुल्क मागणारा फोन इथे हमखास खोटा समजावा.

अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिथे अनेक टाइमशेअरमध्ये मालकी हक्काचा दस्तऐवज असतो आणि देखभालीचा बोजा मुदतीने आपोआप संपत नाही, म्हणून सुटका करून देणाऱ्याच्या हाका अधिक मोहात पाडतात. मेक्सिकोतले टाइमशेअर असणाऱ्यांना लुटण्यामागे तर हलिस्कोच्या अमली पदार्थांच्या टोळीचा हात असल्याचे अमेरिकी सरकारने उघड केले. एफबीआयच्या आकड्यांनुसार 2019 ते 2023 या काळात सुमारे 6,000 अमेरिकी मालकांनी जवळजवळ 30 कोटी डॉलर गमावल्याच्या तक्रारी केल्या. पद्धत मावशीला आलेल्या फोनसारखीच होती: तयार गिऱ्हाईक, चढा भाव आणि आधी भरायचा कर.

पैसे गेलेच असतील तर 1930 या क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. सोबत आपल्या बँकेला लेखी कळवावे, आणि चॅट, पत्र, व्यवहार क्रमांक पुसू नयेत. एकदा फसलेल्याचा क्रमांक पुढे विकला जातो. मावशीला दोन महिन्यांनी ‘सायबर विभागा’तून फोन आला की तिचे 18,400 रुपये सापडले आहेत, सोडवण्यासाठी 2,500 रुपये भरावे लागतील. या वेळी तिने खातेदाराचे पूर्ण नाव विचारले, आणि फोन पलीकडूनच बंद झाला.

कंपनीकडे विचारल्यावर हस्तांतर शुल्काचा आकडा ईमेलने आला. माझ्या मावसबहिणीची मुले लहान आहेत आणि त्यांच्या शाळेच्या सुट्ट्या सदस्यत्वातल्या हंगामाशी जुळतात, म्हणून सदस्यत्व तिच्या नावावर करायचे ठरले. तिने शुल्क थेट कंपनीच्या खात्यात भरले, आणि ती पावती आता निळ्या फाइलमध्ये सर्वांत वर लावलेली आहे.