जुना डीएक्स-७ की नवा कीबोर्ड? सोलापुरातल्या वादकासाठी

पोट कार्यक्रमांवर असेल, तर विचार न करता नवा घ्या. गणपतीत किंवा हुतात्मा स्मृती मंदिरातल्या ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम हाताशी लागतो. यामाहाच्या पीएसआर-आय ५०० मध्ये ऱ्हिदम आहे, भारतीय टोन आहेत, रियाजासाठी तबला-तानपुरा आहे, स्पीकरही अंगातच. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ या सिंथेसायझरमध्ये यातलं काहीच नाही. ना ऱ्हिदम, ना स्पीकर, ना रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा). वर वजन चौदा किलोच्या आसपास.

तरीही घरी बसून स्वतःचा टोन घडवायचा असेल, तर माझं मत डीएक्सच्या बाजूने आहे, आणि कारण टच. साध्या कीबोर्डवर पट्टी जोरात दाबली की बहुतेक वेळा आवाज फक्त मोठा होतो. डीएक्समध्ये आवाजाचा रंगच बदलतो. त्यात सहा ऑपरेटर, म्हणजे ध्वनिलहर तयार करणारे घटक, असतात. एक ऑपरेटर दुसऱ्याला किती हलवतो यावर टोनची धार ठरते, आणि ते प्रमाण बोटाच्या जोराशी जोडता येतं. ई-पियानोचा टोन हळू वाजवा, मऊ आणि गोल लागतो. तोच ठासून वाजवा, धातूची खणखण उठते. स्वर धरून पट्टीवर आणखी भार दिला की आफ्टरटचने कंप आणता येतो. ही सोय आय ५०० मध्ये नाही. बेंडरची (स्वर वर-खाली सरकवणाऱ्या चाकाची) मर्यादा दोन स्वरांवर ठेवून मींड घेऊन पाहा, बोट गाऊ लागतं. फुंकरीने स्वर भरायचा ब्रेथ कंट्रोलरही याला जोडता येतो, पण तो वेगळा शोधावा लागेल.

लॅपटॉप असेल तर आधी डेक्स्ड हे मोफत सॉफ्टवेअर ऐका. डीएक्सचेच टोन त्यात भरता येतात. पण लॅपटॉपला जोडायच्या मिडी कीबोर्डला आफ्टरटच नसेल, तर निम्मी मजा गेली.

जुना घ्यायचाच ठरला, तर मुंबई-पुण्याला जाऊन स्वतः वाजवून घ्या. सगळ्या एकसष्ट पट्ट्या आणि प्रत्येक बटण दाबून पाहा. मागचं लेबल वाचा: जपानचा पीस १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या प्लगात सरळ लावला तर जळेल. आत मेमरीची बॅटरी डाग देऊन बसवलेली असते. ती बदलण्याआधी बत्तीसही टोन मिडी जोडणीवरून कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा, नाहीतर जातील.