हाडाची सूक्ष्म रचना दाखवणारी प्रतिकृती: रचना चोख, घटकांबाबत मौन

लांब हाडाच्या दांड्यातून काढलेली एक पाचर सुमारे ८० पट मोठी करून दाखवणारी ही प्लास्टिकची प्रतिकृती शरीररचनाशास्त्राच्या वर्गांसाठी तयार केलेली आहे. बाहेरून आत जाताना पर्यस्थी (हाडावरचे आवरण), घनास्थी (घट्ट, भरीव हाड), जाळीदार अस्थी आणि मज्जापोकळीची कडा हा क्रम तिच्यात नीट दिसतो. केवळ रचना शिकवायची असेल, तर ती निःशंकपणे घ्यावी. हाड कशाचे बनले आहे, हे मात्र तिच्यावरून कळणार नाही.

तिचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे घनास्थीतील हॅवर्स प्रणाली, म्हणजे मधल्या नलिकेभोवती वर्तुळाकार थर असलेले दंडगोल. इंग्रज वैद्य क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ मध्ये ज्यांचे वर्णन केले त्या नलिका येथे रक्तवाहिन्यांसह उघड्या दिसतात, आणि त्यांना आडव्या जोडणाऱ्या फोल्कमान नलिकाही योग्य जागी आहेत. प्रत्यक्षात जेमतेम ०.२ मिलिमीटर व्यासाची प्रणाली येथे बोटाएवढी जाड झाल्याने मागच्या बाकावरूनही दिसते. एका प्रणालीच्या पटलिका, म्हणजे तिचे पातळ थर, तर एकीतून एक अशा वर ओढून दाखवल्या आहेत आणि प्रत्येकीवर कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंच्या तिरक्या रेषा शेजारणीच्या विरुद्ध दिशेने कोरल्या आहेत. प्लायवूडमध्ये थरांचे रेषे आलटूनपालटून आडवे-उभे ठेवलेले असतात, तेच तत्त्व हाडाला पिळाचा ताण सोसायला मदत करते, आणि हे सांगायला या कोरीव रेषा पुरेशा आहेत.

अस्थिपेशी आणि त्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या सूक्ष्मनलिका यांचे प्रमाण मात्र बिघडलेले आहे. या सूक्ष्मनलिका इतक्या बारीक असतात की ८० पट मोठ्या करूनही त्या केसाहून जाड होणार नाहीत, त्यामुळे निर्मात्यांनी त्या मुद्दाम फुगवल्या, यात गैर काही नाही. खनिजाने भरलेल्या घट्ट आधारद्रव्यातून पोषकद्रव्ये सहज झिरपत नसल्याने पेशी या वाटांवरच जगतात, म्हणून त्या दिसायलाच हव्यात. पण ही तडजोड सोबतच्या पुस्तिकेत नोंदवायला हवी होती. ती तेथे नाही.

याहून गंभीर उणीव अशी, की सगळ्या प्रणाली पूर्ण, गोल आणि जणू एकाच दिवशी घडलेल्या आहेत. खऱ्या हाडात अस्थिभक्षक पेशी जुना भाग विरघळवतात, अस्थिजनक पेशी तेथे नवा भरतात, आणि अर्धवट खाल्ल्या गेलेल्या जुन्या प्रणालींचे तुकडे नव्या प्रणालींच्या मधल्या जागेत उरतात. प्रौढ सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो. या प्रतिकृतीत त्या तुकड्यांच्या जागी नुसता सपाट पिवळट रंग आहे, त्यामुळे हाड ही एकदा बांधून संपलेली वस्तू वाटते.

घटकांच्या बाबतीत तर सगळे एकाच कडक प्लास्टिकचे आहे. हाडाच्या वजनाचा ६० ते ७० टक्के भाग खनिजाचा, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांपासून बनलेल्या हायड्रॉक्सिॲपेटाइटचा असतो. उरलेल्यात बहुतांश कोलॅजेन आणि पाणी. खनिजामुळे हाड दाबाला टिकते आणि कोलॅजेनमुळे ते ठिसूळ होत नाही. हे शिकवायचे तर शिक्षकाने प्रतिकृतीशेजारी दोन लहान हाडे ठेवावीत: एक सौम्य आम्लात मुरवून खनिज काढलेले, जे रबरासारखे वाकते, आणि दुसरे जाळून सेंद्रिय भाग नष्ट केलेले, जे आकार टिकवते पण बोटांनी चुरडते.

बांधणी मजबूत आहे, रंग घट्ट बसलेला आहे. वॉर्निशची चमक मात्र दिव्याखाली त्रास देते आणि भागांवर छापलेले क्रमांक फार बारीक आहेत.

परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हिच्यावरच विसंबून राहू नये. येथे अस्थिपेशी गुलाबी आणि टवटवीत दिसतात. घासून पातळ केलेल्या कोरड्या हाडाच्या काचपट्टीवर मात्र पेशी उरलेल्याच नसतात, त्यांच्या रिकाम्या खाचा हवेने भरून काळ्या दिसतात. जो विद्यार्थी फक्त ही प्रतिकृती पाहून सूक्ष्मदर्शकासमोर बसेल, त्याला त्या काळ्या ठिपक्यांची ओळख पटणार नाही.